नाचायला हक्काची जागा हवी

महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहरात संध्याकाळी कोणाला चार पाने वाचावीशी वाटली तर वाचनालय आहे, घाम गाळायचा तर तालीम आहे, भजनाला देऊळ आहे, व्याख्यानाला सभागृह आहे. नाचावेसे वाटले तर मात्र भावकीत कोणाचे लग्न निघण्याची, नाहीतर गणपती विसर्जनाची वाट पाहावी लागते. नाचण्याची हौस आपल्याकडे कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. हळदीच्या रात्री डीजेसमोर, वरातीत बेंजोपुढे, दहीहंडीला, विसर्जनाला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत माणसे तासन्‌तास नाचतात. पण हे सगळे नाचणे रस्त्यावरचे, निमित्ताचे आणि बहुतेक ठिकाणी पुरुषांचे. बायका असतात त्या कडेला, आपापला घोळका करून. अंधार पडला आणि गर्दीत झिंगलेली तोंडे दिसू लागली की त्या घराकडे वळतात. निमित्त संपले की पुढच्या निमित्तापर्यंत नाच बंद. शहराने नाचाला कायमची जागा द्यायला हवी आणि पालिकेने ती वाचनालयासारखीच सार्वजनिक सोय म्हणून चालवायला हवी, असे माझे म्हणणे आहे. छताखालची, उजेडातली, परवडणाऱ्या तिकिटाची, शेजारपाजारच्या माणसांच्या देखरेखीतली जागा. दुसऱ्याचा नाच पाहायला नव्हे, स्वतः नाचायला जाण्याची.

मुंबईत अशा जागा एकेकाळी होत्या, पण त्या सर्वांच्या नव्हत्या. १९३० आणि १९४० च्या दशकांत ताजमहाल, ग्रीन्स यांसारख्या बड्या हॉटेलांत बॉलरूम नाच चालत. तिथे वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते आणि नाचणारे होते साहेब, संस्थानिक, धनिक. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ हे त्या दुनियेतले. संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना सिनेमात आपल्यासोबत घेतले आणि १९५१ च्या ‘अलबेला’त बॉलरूममधला तो ठेका पडद्यावर आला. त्यावर नाचला भगवान आबाजी पालव, म्हणजे मास्टर भगवान, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याच्या नाचाला कवायत नव्हती, उड्या नव्हत्या. खांदे आणि हात हलके सोडून जागच्या जागी डुलणारे ते पाऊल कोणालाही जमण्यासारखे होते. म्हणूनच ते चाळीत पोचले, मिरवणुकीत पोचले, आणि आज ज्या पोराने ‘अलबेला’चे नावही ऐकलेले नाही तोही विसर्जनात तसाच नाचतो. बॉलरूममधले संगीत अशा रीतीने गिरणगावापर्यंत आले. बॉलरूम मात्र आली नाही. नाच लोकांचा झाला आणि नाचायची जागा पैसेवाल्यांचीच राहिली, ही आपल्या शहरी जीवनातली जुनी त्रुटी आहे. ती भरून काढायचा प्रश्न आजवर कोणत्याही पालिकेच्या सभेत गांभीर्याने निघालेला दिसत नाही.

लोकांच्या हातून नाचाची जागा गेली की काय होते, याचा सर्वांत स्पष्ट दाखला आयर्लंडने घालून दिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पश्चिमेकडच्या खेड्यांत नाच घरोघरी होत असे. शेतकऱ्याच्या घरातली सर्वांत मोठी खोली म्हणजे स्वयंपाकघर. टेबल बाहेर काढायचे, खुर्च्या भिंतीला लावायच्या, चुलीच्या बाजूला फिडल किंवा मेलोडियन वाजवणारा बसवायचा आणि फरसबंद जमिनीवर चार जोडप्यांचा ‘सेट’ धरायचा. त्या खोलीत एका वेळी एवढीच माणसे मावत. बाकीचे भिंतीला टेकून आपली पाळी येईपर्यंत टाळ्या द्यायचे. वाजवणारा गावातलाच, त्यामुळे कोणाचे पाय थकले, कोणाला कोणता ठेका आवडतो हे त्याला ठाऊक. आजी, आई, मुलगी एकाच जमिनीवर नाचत. वर्गणी गोळा व्हायची ती कधी वादकासाठी, कधी अडचणीत सापडलेल्या शेजाऱ्यासाठी. उन्हाळ्यात हाच नाच चव्हाट्यावर, रस्ते मिळतात तिथे. याशिवाय खेड्यापाड्यांत लाकडी-पत्र्याचे छोटे हॉल उभे राहू लागले होते.

कॅथलिक धर्माधिकाऱ्यांना हे खुपत होते. १९२५ मध्ये बिशपांनी एकत्रित निवेदन काढून नाचाच्या अनिष्टांविरुद्ध लोकांना बजावले आणि ते चर्चमधून वाचून दाखवले गेले. परदेशी जॅझ, मोटारीतून येणारी अनोळखी पोरे, उशिरापर्यंत बाहेर राहणाऱ्या मुली, सगळ्याचे खापर डान्स हॉलवर फुटले. सरकारने १९३० मध्ये कॅरिगन समिती नेमली. लैंगिक गुन्हे आणि अल्पवयीन मुलींचे शोषण हा तिचा विषय. लहान मुलींवरच्या अत्याचारांबद्दल समितीपुढे जे आले ते इतके अस्वस्थ करणारे होते की सरकारने तो अहवाल प्रसिद्धच केला नाही. डान्स हॉलवर निर्बंध घालावेत ही समितीची शिफारस मात्र सरकारने उचलली आणि सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांच्या कारकिर्दीत १९३५ चा ‘पब्लिक डान्स हॉल्स ॲक्ट’ फारशी चर्चा न होता मंजूर झाला. अत्याचार घरात, शेतावर, ओळखीच्या माणसांकडून होत होते. त्यावर बोलणे अवघड होते. हॉलला कुलूप लावणे सोपे होते.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. लोकांसाठी खुला नाच ठेवायचा तर जिल्हा न्यायाधीशाचा परवाना घ्यायचा. परवाना देताना न्यायाधीशाने काय पाहायचे? अर्जदाराचे चारित्र्य आणि त्याची आर्थिक स्थिती. आसपास आधीच किती नाचाच्या जागा आहेत. मोटारी उभ्या करायला सोय आहे का. जागा पोलिसांच्या नजरेपासून फार लांब तर नाही. परवान्याविना नाच ठेवला तर दहा पौंडांपर्यंत दंड. या अटी कोणाला पाळता येतील आणि कोणाला नाही हे सांगायला नको. ज्याच्याकडे पैसा आहे, मोटारी लावायला जागा आहे आणि पाद्र्याचा चांगुलपणाचा दाखला आहे, त्याला परवाना. चार जोडप्यांपुरते स्वयंपाकघर असलेल्या शेतकऱ्याला नाही. खरे तर कायद्याच्या अक्षरांत खाजगी घरातला नाच बसतच नव्हता, आणि कुंपण नसलेला चव्हाटाही नाही. पण गावात कायद्याचे पुस्तक कोण उघडून पाहतो? पाद्री आणि पोलीस दारात उभे राहिले की यजमान दिवा मालवायचा. क्लेअर परगण्यातले फिडलवादक ज्युनियर क्रेहन यांनी घरच्या नाचांच्या या अस्ताचा शोक सुरांत बांधला. वाजवायला घरच उरले नाही म्हणून आपल्या पिढीतले किती वादक गप्प झाले आणि किती देशोधडीला लागले, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

लेट्रिम परगण्यातल्या जिमी ग्राल्टनचे प्रकरण तर कायद्याच्याही आधीचे. अमेरिकेत राहून आलेल्या या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने एफ्रिना या आपल्या गावात लोकांच्या श्रमदानातून हॉल बांधला होता. तिथे नाच व्हायचे, वर्ग चालायचे आणि जमिनीच्या तंट्यांचे निवाडेही व्हायचे. मधल्या काळात तो पुन्हा अमेरिकेत होता. १९३२ मध्ये तो परत आला आणि हॉल पुन्हा गजबजला तसा चर्चच्या व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध प्रचार सुरू झाला. नाच चालू असताना हॉलवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री हॉल जाळण्यात आला. पुढच्या वर्षी, १९३३ च्या ऑगस्टमध्ये, ग्राल्टनकडे अमेरिकी नागरिकत्व आहे एवढ्या आधारावर सरकारने त्याला त्याच्या जन्मभूमीतून हद्दपार केले. तो न्यू यॉर्कमध्येच वारला. २०१४ मध्ये केन लोच यांनी त्यावर ‘जिमीज हॉल’ हा चित्रपट केला आणि २०१६ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते एफ्रिनात त्याचे स्मारक उभे राहिले. नाचाच्या जागेत माणसे नुसती नाचत नाहीत. ती भेटतात, बोलतात, एकमेकांची अडचण जाणून घेतात आणि कधी कधी एकत्र येऊन उभी राहतात. सत्तेला नेमके तेच नको असते.

मग आयर्लंडमधला नाच थांबला का? तो थांबला नाही, मालक बदलले. आधी तो पाद्र्याच्या हाताखालच्या पॅरिश हॉलमध्ये गेला. मोठ्या हॉलमध्ये एकट्या फिडलचा आवाज पोचेना, म्हणून दहा-दहा वादकांचे केली बँड आले. पन्नाशीच्या दशकापासून तो व्यापाऱ्यांच्या हातात गेला. मोकळ्या माळावर प्रचंड शेडसारख्या बॉलरूम उभ्या राहिल्या, दूरवरून सायकली, मोटारी, बसगाड्या भरून येऊ लागल्या. पुढे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी आपला सुरुवातीचा पैसा भावाबरोबर अशा बॉलरूमची साखळी चालवूनच मिळवला. या बॉलरूमनी त्या पिढीतल्या असंख्य जोडप्यांची लग्ने जुळवली आणि आयर्लंडच्या कंटाळवाण्या रविवारांत रंग भरला, हे मान्यच करायला हवे. पण गावातला नाच आता गावाचा राहिला नव्हता. आजी घरी बसली, शेजारी वादक बेकार झाला, वर्गणी गरजूकडे न जाता गल्ल्यात गेली. कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तिथे जाऊन काय शोधले? नाचायची जागाच. तिथल्या क्रिकलवुड भागातले गॅल्टीमोर हे नृत्यगृह १९५२ मध्ये उघडले आणि २००८ पर्यंत परक्या शहरातल्या आयरिश माणसाला शनिवारी संध्याकाळी गाववाले भेटण्याचे ते ठिकाण राहिले. आणि ज्या मुलींच्या रक्षणाचे नाव पुढे करून कायदा आला, त्यांचे काय झाले? २०२१ मध्ये सरकारी आयोगाने दिलेल्या अहवालानुसार १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६ हजार अविवाहित मातांना तिथल्या ‘मदर अँड बेबी होम’मध्ये दिवस काढावे लागले, आणि ही भरती सर्वाधिक होती ती साठ-सत्तरीच्या सुमारास, म्हणजे कायदा येऊन पंचवीस-पस्तीस वर्षे झाल्यावर. हॉलवर पहारा ठेवून मुली सुरक्षित झाल्या नाहीत.

न्यू यॉर्कचा अनुभव वेगळा वाटतो, पण धागा तोच. १९२६ मध्ये हार्लेममध्ये लेनॉक्स ॲव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम उघडली. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत पसरलेली जमीन, ती इतकी झिजायची की काही वर्षांनी नवी घालावी लागे. बँडसाठी दोन मंच, एक बँड थांबला की दुसरा त्याच दमात सुरू. गुरुवारी मोलकरणींना सुट्टी असे, म्हणून गुरुवारची रात्र त्यांची. आठवडाभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई त्या रात्री चिक वेबच्या बँडच्या ठेक्यावर नाचायची आणि सगळे बाजूला होऊन तिला जागा द्यायचे. लिंडी हॉप हा नाच तिथेच फुलला. काळे आणि गोरे एकाच जमिनीवर नाचू शकत अशा देशातल्या मोजक्या जागांपैकी ही एक होती. १९४३ च्या एप्रिलमध्ये अनीतीच्या आरोपाखाली ती काही महिने बंद करण्यात आली. खरे कारण वर्णमिश्रण हेच, अशी हार्लेमची ठाम भावना होती, आणि त्याच ऑगस्टमध्ये हार्लेममध्ये दंगल उसळली. १९५८ मध्ये सॅव्हॉय कायमची बंद झाली आणि गृहसंकुलासाठी पाडली गेली. योगायोगाने १९२६ हेच वर्ष शहराच्या ‘कॅबरे लॉ’चेही: खाणेपिणे मिळते अशा ठिकाणी गिऱ्हाइकांना नाचू द्यायचे तर खास परवाना हवा. हा कायदा २०१७ पर्यंत, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे, पुस्तकात राहिला. नव्वदच्या दशकात तो पुन्हा कडकपणे वापरला गेला तेव्हा छोट्या बारमालकांना आपल्या भिंतीवर ‘नाचण्यास मनाई’ अशा पाट्या लावाव्या लागल्या. परवाना परवडला तो मोठ्या नाइटक्लबांना.

महाराष्ट्रात या विचारपद्धतीचा पडसाद उमटला तो २००५ साली, डान्स बारबंदीच्या रूपाने. मी मागतो आहे ती जागा आणि डान्स बार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट करतो. बारमध्ये बाई नाचते, पुरुष पैसे उधळतो. तिथल्या शोषणाबद्दल काळजी करणे रास्तच होते. पण गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने आलेल्या त्या दुरुस्तीने काय केले ते पाहा. सामान्य बारमध्ये नाच बंद, तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांत चालू. जिमखाने आणि क्लबही मोकळे. तोच नाच श्रीमंतांच्या जागेत नीतीला धरून आणि गरिबांच्या जागेत नीतीविरुद्ध, असा त्याचा अर्थ होत होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला आणि हा भेदभाव टिकणारा नाही हे सांगतानाच, बंदीने बेकार झालेल्या अनेक बायकांवर वेश्याव्यवसायाची पाळी आली याचीही दखल घेतली. त्यानंतर २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा आणि २०१९ मध्ये त्याच्याही काही अटी रद्द, असा हा प्रवास झाला. चौदा वर्षे सरकार आणि न्यायालये नाचाभोवती झगडत राहिली, आणि या सगळ्या काळात सामान्य माणसाला स्वतः नाचायला चांगली जागा कशी मिळेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाईट जागा बंद करायचा उत्साह सरकारकडे होता, चांगली जागा उघडायचा नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो संस्कृतीचा. बायका-पुरुषांनी एका हॉलमध्ये नाचणे आपल्याकडचे नव्हे, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाराष्ट्राचा नकाशा नीट उलगडून पाहावा. पालघर, डहाणू, जव्हारकडे वारल्यांचा तारपा नाच होतो. भोपळ्याचे ते लांबलचक वाद्य वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरतात, आणि साखळी कशीही वळली तरी तारप्याकडे पाठ करत नाहीत. गडचिरोलीत गोंडांचा गोटूल आहे. गोटूलबद्दल बाहेरच्यांनी चवीने पुष्कळ लिहिले, पण गावाच्या लेखी ती तरुणांनी नाच-गाणी आणि जगण्याची रीत शिकण्याची, गावाने एकत्र बसण्याची जागा. मेंढा (लेखा) या गावाने आपला मोडलेला गोटूल जंगलातल्या लाकडाने पुन्हा बांधला तेव्हा वन खात्याने लाकडाचे कारण देऊन तो पाडला. गावाने माघार घेतली नाही. गोटूल पुन्हा उभा राहिला आणि आसपासच्या गावांनीही आपापले गोटूल बांधायला घेतले. ज्या गावाने पुढे वनहक्कांच्या लढ्यात देशाला वाट दाखवली, त्या गावाची एक लढाई नाचायच्या आणि बसायच्या जागेसाठी होती, ही गोष्ट आपल्या शहरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आणि घाटावरच्या मध्यमवर्गाचे काय? श्रावणात मंगळागौर रात्रभर जागवली जायची, झिम्मा, फुगडी, पिंगा घालून बायका पहाट करायच्या. अश्विनात भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला जायचा. वाड्याला चौक होता, ओसरी होती, अंगण होते. फ्लॅटमध्ये यातले काही उरले नाही. आता मंगळागौरीचे ग्रुप मिळतात. ते हॉलमध्ये येतात, एकसारख्या नऊवारीत स्टेजवर खेळ करून दाखवतात, आणि नवी नवरी आणि तिच्या मैत्रिणी खुर्चीवर बसून मोबाइलवर चित्रण करतात. या ग्रुपमधल्या बायकांनी खेळ जिवंत ठेवले याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण जो नाच सगळ्यांनी करायचा होता तो चार जणींनी करायचा आणि बाकीच्यांनी पाहायचा झाला, तो जागा गेल्यामुळे. संस्कृतीची काळजी असेल तर ती इथे वाटायला हवी.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षेचा आणि दारूचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्या घरातून मुलीला सातनंतर क्लासला पाठवतानाही आईचा जीव टांगणीला लागतो, तिथे नाचाला पाठवा म्हणणे सोपे नाही. पण तुलना करायची ती घरी बसण्याशी नव्हे, आज प्रत्यक्षात जे चालते त्याच्याशी. आज ती मुलगी विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या मांडवात नाचते तेव्हा तिथे तिकीट नाही, दारावर कोणी नाही, दिव्यांचा भगभगाट आणि अंधार यांची सरमिसळ, आणि आवाज एवढा की तिने हाक मारली तरी ऐकू येऊ नये. याउलट सॅव्हॉयच्या दारावर आणि जमिनीवर नीटनेटक्या पोशाखातले दणकट रखवालदार असत. आणि आयर्लंडच्या त्या भव्य बॉलरूमपैकी बहुतेकांत दारू विकलीच जात नसे, चहा आणि लिंबूपाण्यावर हजार-हजार माणसे रात्र काढत. दारूशिवाय नाच रंगत नाही हा समज त्या आकड्यापुढे टिकत नाही. पालिकेच्या जागेत दारू नको, प्यायलेल्याला प्रवेश नको, दारावर आणि आत निम्म्या बायका कामाला हव्यात, नाच दहाला संपायला हवा. दहाची मर्यादा उघड्यावरच्या आवाजाला कायद्यानेच घातलेली आहे, तीच हॉललाही लावावी. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. रस्त्यावरच्या डीजेच्या भिंतींनी आजाऱ्यांचे आणि म्हाताऱ्यांचे जे हाल होतात त्यावर दर वर्षी न्यायालयात जावे लागते. बंद हॉलमध्ये आवाज आवरता येतो. नाचाला घर दिले तर रस्त्यावरचा सगळाच गोंगाट थांबेल असा दावा मी करत नाही. उत्सव उत्सवाच्या जागी राहतील. पण वर्षभराची कोंडलेली हौस एका रात्रीत काढायची वेळ आली नाही, तर त्या रात्रीचा उन्माद थोडा तरी उतरेल, असे मानायला जागा आहे.

मला स्वतःला सर्वांत जड वाटणारा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो फारसा कोणी घेत नाही. जागा सार्वजनिक म्हटली तरी दारातून आत कोणाला घेणार? डान्स हॉलचा इतिहास माणसे जोडण्याचा आहे तसा माणसे अडवण्याचाही आहे. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्काला बॉलरूमने काळ्यांना नाचायला मनाई केली, तेव्हा १९५८ मध्ये वादकांच्या युनियनने तिथे वाजवायला नकार दिला. बँडमध्ये काळा वादक चालत होता, जमिनीवर काळा नाचणारा चालत नव्हता. मालक कोर्टात गेला, कोर्टाने युनियनच्या बाजूने कौल दिला, पण मनाई बेकायदा ठरायला १९६५ चा वंशभेदविरोधी कायदा यावा लागला. आपल्याकडे गरब्याच्या दारावर ओळखपत्रे पाहून धर्म तपासा अशी मागणी अलीकडे दर नवरात्रात होते. महागड्या पासवर चालणाऱ्या दांडियात पैसा हीच गाळणी असते. सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदत्व, ज्ञातीच्या सभागृहात जात. मोलकरीण ज्या इमारतीत काम करते तिथल्या हॉलमध्ये ती फरशी पुसायला जाते, नाचायला नाही. म्हणूनच ही जागा खाजगी संयोजकाच्या किंवा मंडळाच्या हाती न देता पालिकेची असायला हवी. पालिकेला दारावर जात-धर्म विचारता येत नाही. संविधानाच्या १५ व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी असा भेद करायला मनाईच केली आहे. नियम असला की तो आपोआप पाळला जातो असे नाही, वुल्व्हरहॅम्प्टनने तेच दाखवले. पण जिथे हक्क लिहिलेला आहे तिथे भांडता येते. रस्त्यावरच्या मंडळाशी आणि पासवाल्या संयोजकाशी भांडायला सामान्य बाईला तेवढा आधार मिळत नाही.

राहता राहिला पैशाचा आणि अग्रक्रमाचा मुद्दा. नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डे आहेत आणि तुम्हाला नाच सुचतो, असे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण इथे नवी इमारत बांधायची नाही. नगरसेवक निधीतून, आमदार निधीतून बांधलेली समाजमंदिरे, सांस्कृतिक भवने, बहुउद्देशीय सभागृहे प्रत्येक शहरात आहेत. मुहूर्ताच्या दिवसांत ती लग्नांना जातात, निवडणुकीत सभांना, आणि बाकीचा काळ त्यांना कुलूप असते. आषाढी ते कार्तिकी या चातुर्मासात तर मुहूर्तच नसतात. चार महिने हे हॉल जवळजवळ रिकामे पडून राहतात. बाहेर पाऊस, म्हणून मैदानही बंद. आणि नेमके तेच महिने आपल्या मंगळागौरीचे, गणपतीचे, गरब्याचे, भोंडल्याचे, म्हणजे नाचायचे. सुरुवात तिथूनच करता येईल. प्रत्येक प्रभागात एक हॉल, चातुर्मासात आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते दहा. एक संध्याकाळ फक्त बायकांची, एक सगळ्यांची. शक्य तिथे गावातल्याच ढोलकीवाल्याला, बेंजो पार्टीला, तारपेवाल्याला बिदागी देऊन बोलवावे, म्हणजे लग्नसराई संपल्यावर रिकाम्या बसणाऱ्या वादकालाही काम मिळेल. भाडे माफ, वीजबिल पालिकेचे, तिकीट वीस रुपये, साठीच्या पुढच्यांना फुकट, आणि देखरेखीला त्या प्रभागातल्या बायका-पुरुषांची निम्मी-निम्मी समिती.